राखणीचा कान

पुंगार मडावी त्या वर्षी शाळेत एकही दिवस चुकली नव्हती. अंग तापाने फणफणत असतानाही गेली होती. तरीसुद्धा तिच्या नावावर एकशे अकरा दिवसांची गैरहजेरी होती.

कागदावर तसं छापूनच आलं होतं. शरीराने हजर : १४२. मनाने हजर : ३१. खाली लाल चौकटीत लिहिलं होतं की ही तिसरी आणि शेवटची सूचना आहे. हिरकन्याने, म्हणजे पुंगारच्या आईने, तो कागद उंबऱ्यात उभं राहून दोनदा वाचला, घडी घालून कमरेला खोचला आणि तशीच आंबेघाटच्या शाळेकडे निघाली. सावरटोला ते आंबेघाट, तीन किलोमीटर, सगळी वाट जंगलातून. पूर्वी टोल्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीतच, शाळा होती. पट कमी झाला म्हणून तिला कुलूप लागलं आणि पोरांच्या पायांना ही वाट लागली.

निखाडे गुरुजी व्हरांड्यात फळा पुसत होते. माणूस जुना आणि मवाळ. मोहाच्या दिवसांत टोल्यावरची पोरं यायची नाहीत, तेव्हा हेच गुरुजी गुपचूप हजेरीपटावर सगळ्यांची हजेरी लावून टाकायचे आणि मे महिन्यात मागे राहिलेला अभ्यास उरकून घ्यायचे. हजेरीचं यंत्र आल्यापासून त्यांच्या हातात ना पेन राहिला ना पट.

"गुरुजी, माही पोरगी तं रोज येते नं शाळेत?"

"रोज येते. सगळ्यांच्या आधी येते."

"मंग थे एकशे अकरा दिवस कोनाचे?"

गुरुजींनी तिला आत नेलं आणि कपाटातली पट्टी काढून दाखवली. कपाळावरून दोन्ही कानांमागे जाणारी राखाडी रबरी पट्टी, पुढे हरभऱ्याएवढा दिवा. "हे बघा, मडावीबाई. कानावर काही नवं पडलं की मेंदूत एक बारीक लाट उठते. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात. ती आपल्याला कळत नाही, हिला कळते. मी 'गुणाकार' म्हणालो आणि लाट उठली, तर पोर हजर. बाहेर मोर ओरडला आणि लाट उठली, तर पोर बाहेर. दिवा हिरवा किंवा लाल. दिवसभरात शंभरापैकी सत्तर वेळा हिरवा हवा."

"अन् पुंगारचा?"

"बावीस." गुरुजींनी नजर चुकवली. "पान हललं तरी तिची लाट उठते. बरं, पोरगी ढ नाही हो. पाढे तिला येतात. पण परीक्षा आता पाढ्यांची राहिलीच नाही."

यंत्र खोटं बोलत नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. पूर्वी कायदा एवढंच म्हणायचा की पोराने शाळेत येऊन बसावं. मग मन मोजता यायला लागलं आणि वरच्या हुशार लोकांच्या लक्षात आलं, की निम्मी पोरं नुसतीच बसलेली असतात. मग मनाचीही सक्ती झाली. सत्तरचा आकडा कुठून आला म्हणाल, तर शहरातल्या, काचा लावलेल्या, पंखा आणि बाईंचा आवाज सोडून काहीही ऐकू न येणाऱ्या वर्गांतल्या पोरांवरून. तोच आकडा मग सगळ्या राज्याला लावला, कारण सगळ्यांना सारखा न्याय द्यायचा होता. न्यायाची एवढी हौस फार क्वचित बघायला मिळते.

सत्तरच्या खाली तीन सूचना झाल्या की पोराला जिल्ह्याच्या गावी 'अवधान निवासा'त नेत. चौदा वर्षांचं होईपर्यंत. टोल्यावरची तीन पोरं आधीच गेली होती. त्यांतला मंगरू दिवाळीला चार दिवस आला, तर ओट्यावर एका जागी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाला, "इथं किती आवाज आहे. मला परत कधी नेणार?" मंगरूच्या आईने त्या दिवसापासून हिरकन्याकडे येणं सोडलं होतं. काय बोलणार!

"एक मार्चला एकसमान चाचणी आहे," गुरुजी म्हणाले. "साऱ्या राज्यात एकाच दिवशी, एकाच वेळी. तिच्यात सत्तर पडले तर सूचना रद्द. नाही तर गाडी येईल."

पाच आठवडे होते.

*

पुंगारचं मन बाहेर का असायचं, हे सावरटोल्यावर कोणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. तिथे मोहाची फुलं वेचायची म्हणजे उजाडताना झाडाखाली तास तास वाकून बसायचं, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. म्हणून राखणीशिवाय मोहाखाली कोणी बसत नसे. राखण करणाऱ्याने फूल वेचायचं नाही, बोलायचं नाही, टोपलीला हात लावायचा नाही. बुंध्याला पाठ टेकून उभं राहायचं आणि ऐकायचं. वानर खाकरलं, चितळ ओरडलं, किंवा कलकल करणारे सातभाई पक्षी एकदम गप्प झाले, की हात करून बाजू दाखवायची. हात जिकडे, त्याच्या उलट दिशेला सगळ्यांनी निघायचं. कोणी विचारायचं नाही, थांबायचं नाही. हे काम ज्याचा कान सगळ्यात तिखट त्याचं, आणि टोल्यात सगळ्यात तिखट कान पुंगारचा होता. वनखात्याने खांबांवर कॅमेरे लावले होते, ते फोनवर निरोप पाठवायचे. टोल्यावर फोनला रेंज नव्हती.

हिरकन्या स्वतः राखण करत नसे. लहानपणी कान फुटला आणि डावीकडचं ऐकणं कायमचं गेलं. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. आवाज एका कानात कणभर आधी पोचतो, दुसऱ्यात कणभर नंतर, आणि त्या फरकावरून मेंदू बाजू काढतो. फरक काढायला कान दोन लागतात. ही गोष्ट तिला गुरुजींनी पुष्कळ नंतर सांगितली. त्याआधीच ती तिला कळलेली होती.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी राखणीला दुसरं कोणी नव्हतं. पुंगार पाच वर्षांची, घरी झोपलेली. नवरा, सुधाकर, म्हणाला, "तूच उभी राय. घंटाभराचं तं काम." वानर खाकरलं ते हिरकन्याने स्पष्ट ऐकलं. कुठून, ते कळलं नाही. पण हात तर दाखवायला हवा होता. तिने अंदाजाने नाल्याकडे हात केला. सुधाकर उलट बाजूला पळाला, टेकडीकडे. वाघ टेकडीकडेच होता.

त्यानंतर पुंगारला राखण हिरकन्यानेच शिकवली. ओंजळीत गोटे देऊन पोरीला झाडाखाली बसवायचं, आणि आवाज ओळखून बाजू दाखवली की एक गोटा खाली टाकायचा. सहाव्या वर्षी पुंगार ओंजळ रिकामी करून हसायची. आठव्या वर्षी अख्खा टोला तिच्या भरवशावर खाली मान घालून मोह वेचत होता.

*

आता तेच उलटं शिकवायचं होतं.

गुरुजींनी जुनी पट्टी शाळेच्या कपाटातून काढून दिली. नियमात बसत नव्हतं, पण दिली. "घरी सराव करा," म्हणाले. त्यांना वाटलं आपण पोर वाचवतोय. हिरकन्यालाही तसंच वाटलं. मनात तिने हिशेब अगदी साधा केला होता. माणूस शाळेत जाताना चपला दाराशी काढतो, निघताना घालतो. तसेच कान काढायचे आणि घालायचे. त्यात एवढं काय!

पुंगारला तिने अंगणात बसवलं, पुढ्यात चौथीचं पुस्तक, कपाळावर पट्टी. स्वतः मागे बसली.

"वाच. मांगं पाहू नोको. काईबी झालं तरी पाहू नोको."

पुंगार वाचायला लागली. मागून हिरकन्याने तोंडाला हात लावून वानरासारखं खाकरलं. हुबेहूब. हा आवाज तिच्याइतका टोल्यात कोणाला काढता येत नव्हता, याच आवाजावर तिने पोरीला राखण शिकवली होती. दिवा लाल झाला आणि पुंगारचा हात आपोआप उठला.

"हात खाली कर."

"पन माय, वानर..."

"वानर नाई थे, मी हाय. पुन्हा वाच."

दुसऱ्या दिवशी लाल. पाचव्या दिवशी लाल. आठव्या दिवशी हिरकन्याने पोरीच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग चुलीशी बसून तोंडावर पदर घेऊन रडली. पुंगार येऊन तिच्या उजव्या बाजूला बसली. आईशी बोलायचं तर उजवीकडे बसायचं, हे तिला चालायला लागल्यापासून माहीत होतं.

"माय, मी गाडीत नाई जाऊ ना?"

"नाई जाऊ देत तुले. तू आयकू नोको फक्त."

पट्टीचीही मदत झाली. दिवा हिरवा राहिला की कानामागे एक बारीक, गोड झिणझिणी यायची. यंत्र बनवणाऱ्यांनी तिला 'शाबासकी' नाव दिलं होतं. पोरं गोळ्या-चॉकलेटाला भुलतात, तसा मेंदू त्या झिणझिणीला भुलायचा. ज्या वाटेवर शाबासकी मिळते ती वाट तो रुंद करतो, आणि जिच्यावर मिळत नाही ती बुजवून टाकतो. नवव्या वर्षी तर हे काम फार झपाट्याने चालतं.

तेविसाव्या दिवशी हिरकन्या मागून खाकरली आणि दिवा हिरवाच राहिला. तिला वाटलं पट्टी बिघडली. ती पुन्हा खाकरली, अगदी पोरीच्या कानाशी जाऊन. पुंगार वाचत होती. 'नदीच्या काठी एक गाव होते.' हिरवा. चितळ ओरडून पाहिलं, हिरवा. थाळी वाजवली, हिरवा.

हिरकन्या इतकी हरखली की तिने पोरीला उचलून गरगर फिरवलं आणि हातावर गुळाचा मोठा खडा ठेवला.

एक मार्चला पुंगारला शहाण्णव पडले. आंबेघाटच्या शाळेत तोवर कोणालाच नव्वदच्या वर पडले नव्हते. उपस्थिती निरीक्षक बागडे साहेब स्वतः आले, पोरीबरोबर फोटो काढून घेतला आणि हिरकन्याला म्हणाले, "ताई, पालकांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, याचं तुम्ही उदाहरण आहात." हिरकन्याने पदर डोक्यावर घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणा साहेबाने तिचं कौतुक केलं होतं.

*

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मोह गळायला लागला.

उजाडताना पाच बायका झाडाखाली बसल्या. पुंगारने बुंध्याला पाठ टेकली. सगळ्यांनी निर्धास्त माना खाली घातल्या. टोपल्यांचे तळ झाकले गेले असतील नसतील, तेवढ्यात हिरकन्याच्या उजव्या कानात वानर खाकरलं.

तिने फूल वेचता वेचता वर पाहिलं, पोरीचा हात कुठे जातो ते बघायला. हात जागचा हललाच नव्हता. पुंगार समोरच्या एका पानाकडे बघत उभी होती, चेहरा शांत, ओठ किंचित हलत होते. पुन्हा खाकरणं आलं. मग दोन, मग तीन वानरं एकदम. बाकीच्या बायकांनीही माना वर केल्या आणि त्याही पुंगारच्या हाताकडेच बघत राहिल्या. इतक्या वर्षांची सवय. पुंगारच्या हाताशिवाय कोणी पळत नव्हतं.

"पुंगार!" हिरकन्या किंचाळली. "कोनीकडं?"

पुंगार दचकली. "काय कोनीकडं, माय?"

मंगरूच्या आईने टोपली टाकून पुंगारला दंडाला धरून ओढलं, आणि सगळ्या वाट फुटेल तिकडे धावल्या. त्या दिवशी वाघ नाल्यातून खाली उतरून गेला. पंजे त्यांच्या टोपल्यांपासून वीस हातांवर उमटलेले होते. कोणाला काही झालं नाही. टोल्यावर आल्यावर मंगरूची आई एवढंच म्हणाली, "हिरकन्या, उद्यापासून तुमी दोघी येऊ नोका."

घरी हिरकन्याने पोरीला पुन्हा अंगणात बसवलं. गोटे दिले. मागून खाकरली, घसा बसेपर्यंत खाकरली. पुंगारने एकही गोटा टाकला नाही.

"माय, मी काय चुकली?" ती रडवेली होऊन विचारत होती. "तूच तं म्हनली आयकू नोको."

"आता आयक! आता आयक, बाई."

"कसं आयकू? मले तं काई येतच नाई आयकू. तू बोलते थे येते."

तालुक्याच्या दवाखान्यात कान तपासले. ठणठणीत निघाले. हिरकन्याने शाळेत जाऊन गुरुजींना सगळं सांगितलं.

"कानाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "आवाज आत पोचतो. मेंदू त्याला दारातूनच परत लावतो. शंभरदा वानर ओरडलं आणि शंभरदा त्यात काही अर्थ नव्हता, हे आपण तिला शिकवलं. खुद्द आईने शिकवलं. ते पोरीने मनापासून घेतलं."

"मंग उलटं शिकवा. पट्टी लावून शिकवा."

"पट्टी एकाच बाजूने शाबासकी देते, बाई. उलटी तिला येतच नाही. आणि शाळेत रोज सहा तास ती लावावीच लागते." त्यांनी कपाटाचं दार लोटून दिलं. "माझं चुकलं. मी ती पट्टी द्यायला नको होती."

हिरकन्याला त्यांच्या चुकीचं काय करायचं होतं! तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. टोल्यावरून शाळेत जाणारं पोर आता एकटी पुंगार उरली होती. आणि ती तीन किलोमीटरची वाट.

*

बागडे साहेबांची पांढरी गाडी पुढच्या सोमवारी आंबेघाटला आली. दुसऱ्या कुठल्या टोल्यावरची दोन पोरं मागच्या सीटवर बसून रडत होती. एक आई गाडीच्या दाराला लोंबकळत होती. हिरकन्या तिच्या शेजारून पुढे घुसली आणि साहेबांच्या पायाशी बसली.

"साहेब, माह्या पोरीले न्या."

बागड्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"न्या तिले. निवासात ठेवा. तिथं जंगल नाई, वाघ नाई. मी भेटायलेबी नाई येऊ, पन न्या."

"अहो ताई, पुंगार मडावी ना? शहाण्णव?" साहेबांनी हातातल्या पाटीवर बोट फिरवलं. "या आठवड्यात तर अठ्ठ्याण्णव आहे. निवास गैरहजर मुलांसाठी असतो. हजर मुलीला कसं नेणार? यंत्र नावच घेणार नाही."

"मंग मी तिले शाळेत पाठवतच नाई. घरी ठेवते."

"तसं केलंत तर तो गुन्हा तुमचा होईल. तीन महिने तुम्ही आत, आणि मुलगी जवळच्या नातेवाइकाकडे." साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने खाली वाकून तिला उठवलं. "जवळचं कोण आहे?"

जवळचा म्हणजे दीर, आणि त्याचं घर टोल्याच्या शेवटाला, जंगलाला लागून. त्याच्याकडून शाळेची वाट आणखी अर्धा किलोमीटर लांब पडत होती. आंबेघाटला खोली घेऊन राहायचं तर खायचं काय? मोह आणि तेंदू आंबेघाटच्या चौकात उगवत नव्हते.

त्या संध्याकाळी तिने शेवटचा उपाय करून पाहिला. पोरीला उजवीकडे बसवून म्हणाली, "उद्या शाळेत लक्ष देऊ नोको. गुरुजी बोलले की दुसरं काई मनात आन. दिवा लाल झाला पायजे. सत्तरच्या खाली. आयकलं?"

पुंगारने शहाण्या पोरीसारखी मान हलवली. आईचं तिने नेहमीच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी आली ती डोळे पुसतच. नव्व्याण्णव.

"मी लय केलं, माय. लक्ष नाई द्यायचं, नाई द्यायचं, म्हनत होती मनात. पन कसं नाई देऊ? थे तं आपोआपच जाते."

*

तेव्हापासून हिरकन्या रोज पोरीबरोबर शाळेत जाते आणि सुटेपर्यंत व्हरांड्याच्या पायरीवर बसते. मोह त्या वर्षी मातीत गेला. येता-जाता ती पोरीचं मनगट धरून ठेवते आणि उजवा कान पुढे करून चालते, मान जराशी तिरपी, म्हणून आंबेघाटची पोरं तिला हसतात.

परवा शाळा सुटल्यावर दोघी नाल्याच्या वळणावर होत्या. पुंगार तेराचा पाढा म्हणत होती, न अडखळता. हिरकन्याला जाणवलं की सातभाईंची कलकल थांबली आहे. मग वानर खाकरलं.

ती जागच्या जागी थांबली. पुन्हा खाकरलं. जवळ होतं, फार जवळ. आवाज तिच्या कानात भरून गेला आणि तिथेच राहिला. नाला की टेकडी, पुढे की मागे, काही कळेना.

"पुंगार," ती पोरीचे खांदे धरून म्हणाली, "माह्याकडं पाय. कोनीकडून? बाई माही, एकदा सांग, कोनीकडून?"

पुंगार तिच्या तोंडाकडे बघत होती, एकाग्र, एकही अक्षर न चुकवता. दोन चांगले कान, दोन्ही बाजूंना. "काय कोनीकडून, माय?"

हिरकन्याचा हात उठला, नाल्याकडे, आणि हवेतच थांबला. तो हात तिने खाली घेतला. एकदा तिने पोरीला टेकडीच्या बाजूने झाकलं, मग नाल्याच्या बाजूने, मग पाठीमागून. कोणत्या बाजूला उभं राहायचं ते कळेना, म्हणून ती पोरीभोवती फिरत राहिली. पुंगार मधे उभी राहून तेराचा पाढा पुढे म्हणत होती.